जुन्या मशीनला नवं कार्ड: एफपीजीए, एसबस आणि माझी एका क्लॉकची चूक

आमच्या विभागात एक स्पेक्ट्रोमीटर आहे. यंत्र जुनं, पण ठणठणीत. ते चालवणारा संगणक म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन २. गेल्या वर्षी एका सकाळी त्याचा पडदा काळा झाला. मशीन सुरू होत होतं, डिस्कचा आवाज येत होता, पण दिसत काहीच नव्हतं. तपासल्यावर कळलं की डिस्प्ले कार्ड गेलंय, आणि जोडीचा तो काचेचा अवजड मॉनिटरही शेवटच्या घटका मोजतोय.

तुम्ही म्हणाल, संगणक बदला की! अडचण अशी की यंत्र चालवणारा प्रोग्राम फक्त याच मशीनवर चालतो आणि त्याचा सोर्स कोड कुणाकडेच नाही. यंत्राकडून येणारी केबल ज्या कार्डात जाते, ते कार्डही याच मशीनच्या स्लॉटमध्ये बसतं. नवं यंत्र घ्यायचं तर कोटींतला खर्च. इकडे दोन ज्युनियर मुलांचे नमुने तयार होऊन फ्रीजमध्ये पडून होते. मॅडम मला म्हणाल्या, "तू एफपीजीएवरच काम करतेस ना? बघ काही होतंय का."

जे झालं त्याची ही गोष्ट. पण मी ती यशोगाथा म्हणून सांगत नाहीये. या कामात माझे तीन आठवडे एका क्लॉकच्या चुकीपायी गेले, आणि ती चूक ज्या प्रकारची होती, त्या प्रकारची चूक तुम्हीही संशोधनात करणार आहात. म्हणून हा लेख.

आधी स्वस्त उपाय बघा

एफपीजीए हा शब्द ऐकला की आपल्याला लगेच बोर्ड डिझाइन करायला घ्यावंसं वाटतं. जरा थांबा. त्या मशीनची डिस्क गेली असती, तर मी एफपीजीएला हातही लावला नसता. जुन्या स्कझी डिस्कची जागा घेणारे, मेमरी कार्डवर चालणारे तयार एम्युलेटर मिळतात. ते जोडायचे आणि मोकळं व्हायचं.

डिस्प्लेचं तसं नव्हतं. तसंच जुनं कार्ड मिळवणं शक्य होतं, पण तेही तितकंच जुनं असणार. शिवाय त्यातून सिग्नल बाहेर येतो तो थर्टीन-डब्ल्यू-थ्री नावाच्या जाड जोडणीतून. ॲडॅप्टर लावला तरी आजचे सगळेच मॉनिटर तो सिग्नल स्वीकारत नाहीत. आम्हाला हवं होतं असं कार्ड, जे मशीनला जुनं वाटेल आणि मॉनिटरला नवं. हे दुहेरी सोंग एफपीजीए चांगलं वठवतो.

एसबस: एक छोटासा करार

सन कंपनीची स्थापना १९८२ ची. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्यातला. १९८९ मध्ये कंपनीने स्पार्कस्टेशन १ आणलं आणि त्याच्याबरोबर विस्तार कार्डांसाठी एसबस आणली. पुढे १९९३ मध्ये ती आयईईई १४९६ या क्रमांकाचं मानक झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सन पीसीआयकडे वळली आणि एसबस मागे पडली.

बस म्हणजे सामायिक तारांचा जुडगा आणि त्या तारांवर कधी कोणी बोलायचं याचा करार. एसबसच्या जोडणीत ९६ पिना असतात. त्यांतल्या २८ पत्त्यासाठी आणि ३२ डेटासाठी. २८ बिटांचा पत्ता म्हणजे प्रत्येक स्लॉटला २५६ एमबी जागा. क्लॉक जास्तीत जास्त २५ मेगाहर्ट्झ. स्पार्कस्टेशन २ मध्ये तो २० मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे एक क्लॉक ५० नॅनोसेकंदांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रोसेसरला कार्डातून काही वाचायचं असेल, तर घटना साधारण अशा क्रमाने घडतात. पत्ता तारांवर येतो. ज्या स्लॉटशी बोलायचंय त्याची सिलेक्ट ही तार खाली जाते. अ‍ॅड्रेस स्ट्रोब खाली गेला की "पत्ता आता खरा आहे" असं कळतं. वाचायचंय की लिहायचंय, आणि किती बाइट, हे सांगणारे सिग्नलही सोबत असतात. कार्ड आपल्या सवडीने तयारी करतं आणि अ‍ॅक म्हणजे पोच देतं. ही सवड अमर्याद नसते. फार उशीर झाला तर मशीन वाट बघणं सोडून देतं.

आता गंमत बघा. वाचताना डेटा पोचेबरोबर जात नाही, पोचेच्या पुढच्या क्लॉकला जातो. जुन्या बँकांमध्ये कसं, एका खिडकीवर टोकन मिळायचं आणि पैसे पुढच्या खिडकीवर? तसंच. पोच म्हणजे टोकन.

एसबसमध्ये कार्डाला स्वतः पुढाकार घेऊन मुख्य मेमरी वाचता-लिहिता येते. त्यातही कार्ड आभासी पत्ता देतं आणि त्याचा खरा पत्ता मशीन काढतं. कल्पना फार सुंदर आहे, पण डिस्प्ले कार्डाला तिची गरज नसते. ते फक्त विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतं. म्हणून मी पुढाकाराचा सगळा भाग सोडून दिला. पहिल्याच आवृत्तीत मानकातलं प्रत्येक कलम पाळायला गेलात, तर काम संपत नाही. आपल्या प्रश्नाला किती करार लागतो ते ठरवा आणि तेवढाच, पण पुरता पाळा.

मायक्रोकंट्रोलर का नको?

हा प्रश्न प्रत्येक सादरीकरणात येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. ॲपल टू सारख्या जुन्या मशीनची बस साधारण १ मेगाहर्ट्झवर चालते. तिथे एका फेरीला १००० नॅनोसेकंद मिळतात आणि आजचा चलाख मायक्रोकंट्रोलर तेवढ्यात उत्तर देऊ शकतो. आपल्याकडे आहेत ५० नॅनोसेकंद. १०० मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर तेवढ्या वेळात जेमतेम ५ सूचना पार पाडेल. त्यात २८ तारा वाचायच्या, पत्ता ओळखायचा, ३२ तारांवर डेटा ठेवायचा. जमणार नाही.

एफपीजीएमध्ये सूचना एकामागून एक चालत नाहीत. तुम्ही व्हेरिलॉगमध्ये जे लिहिता त्याचं सर्किट होतं आणि त्याचे सगळे भाग एकाच वेळी काम करतात. पत्ता ओळखणारा भाग, रंगांचा तक्ता, मॉनिटरकडे बिंदू पाठवणारा भाग, कुणालाही कुणासाठी थांबावं लागत नाही.

सोंग कोणाचं घ्यायचं?

इथे पहिला खरा निर्णय येतो. नवीन प्रकारचं कार्ड बनवलं तर त्यासाठी ड्रायव्हर लिहावा लागणार, आणि तोही सनओएस ४ साठी. आमच्या मशीनवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावायची कुणाचीच तयारी नव्हती, आणि ते बरोबरच होतं. म्हणून मशीनला आधीपासून ओळखीचं असलेलं कार्ड निवडलं, सीजी-थ्री.

सीजी-थ्री हे सनचं साधंसुधं रंगीत डिस्प्ले कार्ड. ११५२ गुणिले ९०० बिंदू, प्रत्येक बिंदूला ८ बिट, म्हणजे एका वेळी २५६ रंग. स्वतःहून चित्र काढायची कुठलीही हुशारी नाही. मेमरीत बाइट लिहिला की पडद्यावर बिंदू दिसतो. स्लॉटच्या सुरुवातीला ओळख सांगणारा रॉम, ४ एमबी अंतरावर रंगांच्या चिपची रजिस्टरं आणि ८ एमबी अंतरावर चित्राची मेमरी. बस, एवढाच नकाशा.

ओळख सांगणारा रॉम ही एसबसची फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. त्यात एफकोड असतो, म्हणजे फोर्थ भाषेतला प्रोग्राम बाइटांच्या रूपात. मशीन सुरू होताना ओपनबूट प्रत्येक स्लॉटमधून हे बाइट वाचतं आणि चालवतं. आपलं नाव काय, मेमरी कुठे, पडद्यावर अक्षर कसं काढायचं, हे सगळं कार्ड स्वतः सांगतं. आमच्या कार्डाने "मी सीजी-थ्री" असं सांगितलं की सनओएसमधला जुना ड्रायव्हर निमूट कामाला लागणार. हा एफकोड मी नव्याने लिहिला. मूळ रॉममधले बाइट उचलून मुक्त प्रकल्पात टाकायचा मोह होतो, पण ते बाइट आपले नसतात. वागणूक सारखी ठेवता येते, मजकूर उचलता येत नाही.

कागदावरची तीन गणितं

बोर्ड बनवायला पाठवण्याआधी मी तीन हिशेब केले. तुम्हीही करा. प्रत्येक हिशेब दहा मिनिटांचा असतो आणि एकेक महिना वाचवतो.

पहिला, मेमरीचा. ११५२ गुणिले ९०० म्हणजे १०,३६,८०० बाइट, साधारण १ एमबी. आर्टिक्स-७ कुटुंबातल्या ३५-टी चिपमध्ये ३६ किलोबिटांचे ५० मेमरी ब्लॉक असतात. सगळे मिळून २२५ किलोबाइट. म्हणजे चित्र चिपमध्ये मावत नाही, बाहेर डीडीआर-३ मेमरी लागणारच. ती आली की तिचा वेगळा, जास्त वेगवान क्लॉक आला. दोन क्लॉकच्या मधून सिग्नल नेताना फ्लिपफ्लॉप काही क्षण धड शून्य नाही नि धड एक नाही अशा अवस्थेत अडकू शकतो. म्हणून एकट्या सिग्नलसाठी दोन फ्लिपफ्लॉपची साखळी आणि डेटासाठी दोन क्लॉकची रांग, म्हणजे असिंक्रोनस फिफो वापरावी लागते. हे टाळून "चालतंय की" म्हणणारा माणूस पुढे पस्तावतो.

दुसरा, व्होल्टेजचा. एसबस ५ व्होल्टची. आर्टिक्स-७ च्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि आपल्या पुरवठ्यापेक्षा अर्ध्या व्होल्टच्या आसपास जास्त झालं की त्यांची सहनशक्ती संपते. ५ व्होल्ट थेट लावले तर चिप गेलीच समजा. उलट दिशेला मात्र अडचण नाही. टीटीएल पद्धतीत २ व्होल्टच्या वर गेलं की एक मानतात, त्यामुळे आपले ३.३ व्होल्ट मशीनला नीट कळतात. म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर बसवायचे. एका चिपमध्ये ८ तारा धरल्या, तर फक्त पत्ता आणि डेटा यांनाच ८ चिपा. छोट्याशा एसबस कार्डावरची जागा कशी संपते ते तेव्हा कळतं.

तिसरा हिशेब बरेच जण विसरतात: कार्ड जागं व्हायला किती वेळ लागतो? वीज आल्यावर एफपीजीए कोरा असतो. बाजूच्या फ्लॅश चिपमधून तो स्वतःची रचना वाचून घेतो. ३५-टी साठी ही रचना सुमारे १ कोटी ७५ लाख बिटांची. नेहमीची सेटिंग ठेवली तर एका तारेवरून ३ मेगाहर्ट्झने वाचन होतं, म्हणजे जवळजवळ ६ सेकंद. तेवढ्यात ओपनबूट स्लॉट तपासून पुढे गेलं, तर तुमचं कार्ड त्याच्या लेखी नाहीच! चार तारा आणि ३३ मेगाहर्ट्झ केलं की हाच वेळ साधारण ०.१३ सेकंदांवर येतो. मेमरी जास्त असलेल्या मशीनला स्वतःची तपासणी करायला वेळ लागतो, म्हणून तिथे संथ कार्डही कधीकधी चालून जातं. तो नशिबाचा भाग झाला.

याच्याच जोडीला, एफपीजीए कोरा असताना लेव्हल शिफ्टर बंद राहतील अशी रेझिस्टरने सोय करा. नाहीतर झोपेत बडबडणाऱ्या माणसासारखं तुमचं कार्ड बसवर काहीबाही बोलेल आणि बाकी कार्डांच्या कामात खोडा घालेल.

आणि मग माझी चूक

काकांनी, म्हणजे आमच्या लॅब असिस्टंटनी, भंगाराच्या खोलीतून दुसरं एक स्पार्कस्टेशन २ शोधून दिलं. हे फार महत्त्वाचं झालं. पहिलं कार्ड कधीही एकुलत्या एका मशीनमध्ये घालू नका. त्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम अवलंबून असेल, तर अजिबातच नाही.

व्हेरिलॉग लिहून झालं. सिम्युलेशनसाठी टेस्टबेंच लिहिला, व्हेरिलेटरवर चालवला. हजारो वाचनं, हजारो लेखनं, एकही चूक नाही. बोर्ड आला. चाचणीच्या मशीनमध्ये बसवला, ओके प्रॉम्प्टवर उपकरणांची यादी मागितली आणि यादीत आमचं कार्ड दिसलं! त्या दिवशी सगळ्यांना चहा माझ्याकडून होता.

दुसऱ्या दिवशी कार्ड यादीत नव्हतं. मशीन बंद करून चालू केलं, दिसलं. तासाभराने पुन्हा गायब. शेजारच्या स्लॉटमध्ये दुसरं एखादं कार्ड बसवलं की हमखास गायब. मी आधी सोल्डरिंगवर संशय घेतला. मग वीजपुरवठ्यावर. मग लेव्हल शिफ्टरवर. कपॅसिटर बदलले, जोडण्या पुसल्या. तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी मी सिम्युलेशन पुन्हा चालवायचे आणि ते रोज सांगायचं, तुझं डिझाइन बरोबर आहे.

शेवटी मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला. "हा टेस्टबेंच कुणी लिहिला?"

मीच. टेस्टबेंचमधलं खोटं स्पार्कस्टेशन माझ्या समजुतीप्रमाणे वागत होतं आणि माझं कार्डही माझ्याच समजुतीप्रमाणे. दोघं एकमेकांना खूश करत होते. माझी समजूत चुकली असेल, तर हे दोघं मला ते कधीच सांगणार नव्हते.

मग आम्ही अगदी वेगळ्या वाटेने गेलो. एसबसवर सिलेक्टची तार प्रत्येक स्लॉटला वेगळी असते, पण पत्ता, डेटा, स्ट्रोब आणि अ‍ॅक सामायिक असतात. म्हणजे एका स्लॉटमध्ये गप्प बसलेलं कार्ड शेजारच्या स्लॉटमधलं संभाषण ऐकू शकतं. मी आमच्याच बोर्डाला बोलायचं बंद करून फक्त ऐकायला लावलं. दर क्लॉकला सुमारे ८० बिट टिपायचे. चिपमधल्या १८ लाख ४३ हजार बिटांत असे साधारण २३,००० क्लॉक मावतात. २० मेगाहर्ट्झला हा झाला जेमतेम १.१५ मिलिसेकंद. ऐकायला थोडा वाटतो, पण अ‍ॅड्रेस स्ट्रोब खाली गेल्यावरच टिपायला सुरुवात केली की भरपूर होतो.

शेजारी एक अस्सल कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं आणि नोंद काढली. ओळख रॉमचा पहिला बाइट, हेक्समध्ये एफडी, डेटाच्या तारांवर पोचेच्या पुढच्या क्लॉकला येत होता. माझं कार्ड तो पोचेबरोबरच देत होतं आणि पुढच्या क्लॉकला तारा सोडून देत होतं. टोकनच्या खिडकीवरच पैसे ठेवून मी निघून जात होते.

मग पहिल्या दिवशी चाललं कसं? तारा सोडल्या तरी त्यांच्यावरचं व्होल्टेज लगेच मावळत नाही. तारेला थोडं कपॅसिटन्स असतं, त्यामुळे शेवटचा आकडा काही काळ रेंगाळतो. ५० नॅनोसेकंद तो टिकला, तर मशीनला बरोबर बाइट मिळतो. शेजारी दुसरं कार्ड आलं की परिस्थिती बदलते आणि आकडा बिघडतो. म्हणजे माझं कार्ड चालत होतं तेव्हाही ते चुकीचंच होतं. चुकीचं असूनही चालत होतं, एवढंच.

दुरुस्ती एका रजिस्टरची. डेटा एक क्लॉक उशिरा द्यायचा, बस.

वाईट कशाचं वाटलं सांगू? ते वाक्य मानकाच्या दस्तऐवजात स्पष्ट होतं. मी ते वाचलं होतं. वाचलं होतं, आणि समजलंय असं धरून चालले होते.

त्याहून वाईट म्हणजे, हे काम माझ्या आधी झालेलं होतं. एसबसएफपीजीए नावाचा एक मुक्त प्रकल्प आहे. त्यात आर्टिक्स-७ च्या तयार मॉड्यूलसाठी एसबसचं कार्ड, पायथनमधून हार्डवेअर लिहायच्या लाइटएक्स या साधनावर उभारलेली रचना आणि नेटबीएसडीसाठी ड्रायव्हर, सगळं उघड ठेवलेलं आहे. सनच्या जुन्या डिस्प्ले कार्डांचं सोंग घेणंही त्यात आहे. मला तो माहीत होता. पण आपण स्वतः लिहायचं या हट्टापायी मी त्याचा कोड नंतर उघडला. अर्धा दिवस आधी दिला असता तर तीन आठवडे वाचले असते. सीजी-थ्रीचं आणखी एक रूप क्यूइमू या एम्युलेटरच्या सोर्समध्ये आहे, तेही कुणीही वाचू शकतं. साहित्याचा आढावा म्हणजे फक्त शोधनिबंध वाचणं नाही. आमच्या क्षेत्रात दुसऱ्याचा चालणारा कोड वाचणं हाही त्याचाच भाग आहे.

मुक्त म्हणजे काय काय उघडं?

आता मुक्त स्रोत या शब्दाबद्दल. बोर्डाचं छायाचित्र आणि तयार बिटस्ट्रीम टाकून "आमचा प्रकल्प मुक्त आहे" म्हणणारे पुष्कळ असतात. बिटस्ट्रीम म्हणजे शिजलेला भात. त्यावरून तांदूळ कुठला, पाणी किती, हे कळत नाही.

किमान एवढं द्या. किकॅडसारख्या कुणालाही उघडता येईल अशा साधनातली सर्किट आकृती आणि बोर्डाची मांडणी. व्हेरिलॉगचा किंवा ज्या भाषेत लिहिलं असेल तो सोर्स. एफकोडचा सोर्स. कुठल्या साधनाची कुठली आवृत्ती वापरली त्याची नोंद. आणि परवाना. परवाना नसेल तर फायली दिसतात, पण त्या वापरायचा हक्क कुणालाच मिळत नाही. हार्डवेअरसाठी सर्नचा ओपन हार्डवेअर परवाना आहे. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याचे तीन प्रकार आहेत. एकात बदल करणाऱ्यानेही आपले बदल उघडे ठेवावेत अशी ठाम अट, एकात तीच अट सौम्य, तर एकात जवळजवळ मोकळीक.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहा. आर्टिक्स-७ साठी मी रचना तयार केली ती कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरने. डिझाइन मुक्त, पण भट्टी दुसऱ्याची. आइस-४० आणि ईसीपी-५ या चिपांसाठी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही पूर्ण मुक्त साधनं वापरता येतात. नव्याने सुरुवात करणार असाल तर त्यांचा आधी विचार करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: चुकांची यादी. आमच्या पहिल्या बोर्डात काय चुकलं, कुठे जास्तीची तार जोडावी लागली, कुठल्या मशीनवर तपासलं आणि कुठल्या मशीनवर तपासलेलंच नाही. हे लिहायला लाज वाटते. पण तुमच्यानंतर येणारा माणूस सगळ्यात आधी हेच शोधतो.

"यात संशोधन काय?"

हा प्रश्न तुम्हाला समितीपुढे येणारच. कार्ड चाललं, स्पेक्ट्रोमीटरचा पडदा उजळला, हे चांगलं काम झालं. पण संशोधन झालं का? मला तरी वाटतं, नाही. दुरुस्ती झाली.

संशोधनाचा प्रश्न त्या तीन आठवड्यांत दडलेला होता. ज्या मशीनची मूळ चाचणी साधनं आज हाताशी नाहीत आणि जे मशीन बदलता येत नाही, त्याच्याशी आपलं नवं हार्डवेअर नीट बोलतंय हे सिद्ध कसं करायचं? "चालतंय" हा पुरावा नाही, हे आपण पाहिलं. "सिम्युलेशन पास झालं" हाही नाही, कारण साक्षीदार आणि आरोपी एकच होते. मग तिसरा, आपल्याशी नातं नसलेला साक्षीदार लागतो. आमच्या बाबतीत ती अस्सल कार्डाच्या संभाषणाची नोंद होती.

इथून कामाला आकार आला. वेगवेगळ्या अस्सल कार्डांच्या नोंदी गोळा करायच्या. त्या आणि मानकातली कलमं समोर ठेवून नियम लिहायचे, उदाहरणार्थ "वाचनाचा डेटा पोचेनंतर बरोबर एका क्लॉकने". हे नियम तपासणारा प्रोग्राम मुक्त करायचा. मग कुणीही आपल्या कार्डाची नोंद त्यातून काढून बघावी. हे तपासून बघता येतं, खोटं ठरवता येतं, दुसऱ्याला वापरता येतं. पहिली चाचणी मी माझ्याच जुन्या, चुकीच्या डिझाइनवर केली. तपासणी प्रोग्रामने पहिल्याच वाचनाला लाल खूण केली. माझं टेस्टबेंच मात्र त्याच डिझाइनला आजही पास करतं. ते मी मुद्दाम तसंच ठेवलंय, प्रकल्पाच्या फायलींमध्ये, एका वेगळ्या फोल्डरमध्ये.

तुमचा विषय एफपीजीए नसेल, जुने संगणक तर नसतीलच. तरी हा प्रश्न तुमच्याकडे येईल. सर्वेक्षणाची प्रश्नावली तुम्हीच लिहिली आणि उत्तरांचा अर्थही तुम्हीच लावला. मॉडेल तुम्हीच घडवलं आणि परीक्षेचा डेटाही तुम्हीच निवडला. नमुना तुम्हीच तयार केला आणि मोजणीही तुम्हीच केली. दर वेळी स्वतःला विचारा, हा टेस्टबेंच कुणी लिहिला?

सुरुवात करायची असेल तर एक सोपा अभ्यास सुचवते. कुठलीही एक जुनी, संथ बस निवडा. तिच्या वाचनाचा एकच नियम मानकातून शोधा आणि वहीत तुमच्या शब्दांत लिहा. मग तो मित्राला वाचायला द्या आणि त्यावरून त्याला टेस्टबेंच लिहायला सांगा. कार्ड तुम्ही लिहा. दोघांनी एकमेकांचा कोड बघायचा नाही. पहिल्या फटक्यात जुळलं तर उत्तम. नाही जुळलं, तर दोघांनी मिळून मूळ मानकातलं ते वाक्य पुन्हा वाचा.

स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीत आता साधा, बाजारात मिळणारा मॉनिटर आहे. फ्रीजमधले नमुने मोजून झाले. आणि काकांनी जुना मॉनिटर अजून टाकलेला नाही. म्हणाले, "राहू दे कोपऱ्यात, तुमच्या नव्या कार्डाचं काही सांगता येत नाही." त्यांचं बरोबर आहे. आमचं कार्ड फक्त दोन मशीनवर तपासलंय, आणि चुकांच्या यादीत मी तेही लिहून ठेवलंय.